बीएसए म्हणजे सायकल ना?

बंदूक घ्यायचीय हे घरात सांगायला चांगला मुहूर्त असा नसतोच, म्हणून मी रविवारी पोहे खाता खाता सांगून टाकलं. कोल्हापूरहून आई आलेली होती, ती म्हणाली, "कुणाशी भांडण झालंय का रे?"

"भांडण नाही गं, टार्गेटवर मारायची. जुनी आहे, एका वेळी एकच गोळी बसते. बीएसएची."

"बीएसए म्हणजे सायकल ना?"

आता हिला काय सांगणार की बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही १८६१ साली बंदुका बनवायलाच निघालेली कंपनी, सायकली-मोटरसायकली हे नंतरचं, आणि त्यांच्या चिन्हातच तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या आहेत. आम्ही राहतो बर्मिंगहॅमपासून अर्ध्या तासावर, म्हणजे तसा हा लोकल मालच. शिवाय मी डावखुरा. बोल्टवाल्या रायफलीचा दांडा उजव्या अंगाला, दर गोळीला तिच्या डोक्यावरून हात घालायचा. माझी ही बीएसए मार्टिनी पद्धतीची, तिचं तसं नाही, लिव्हर खाली, ती ओढली की आतला ठोकळा पुढून झुकतो, गोळी अंगठ्याने सरकवायची, लिव्हर वर, झालं. १८७१ ला ब्रिटिश सैन्याने घेतलेल्या मार्टिनी-हेन्रीचीच ही युक्ती, बीएसएने पॉइंट टू-टू या बारक्या गोळीसाठी छोटी करून वापरली आणि १९५० पासून मार्टिनी इंटरनॅशनल नावाची खास टार्गेटची रायफल काढली. नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या रायफली हजारो पौंडांच्या, ही जुनी दोन-अडीचशेत मिळते.

स्वस्त म्हणून घेतली म्हणावं तर बाकीचं ऐका. आधी नेमबाजीच्या क्लबात निदान तीन महिने प्रोबेशन, मग लायसन्सचा फॉर्म, मग डॉक्टरचा कागद की बाबा हा माणूस डोक्याने ठीक आहे (बायको म्हणाली, मला विचारलं असतं तर फी वाचली असती), मग दोन रेफरी, म्हणजे आपल्याबद्दल खात्री देणारे, तेही नात्यातले नकोत आणि निदान दोन वर्षांची ओळख हवी. मराठी मंडळाच्या खजिनदाराला विचारलं तर तो आधी गप्प आणि मग हळूच, "यंदाच्या हिशेबावरून काही मनात नाही ना?"

त्यानंतर पोलिसांचा माणूस घर बघायला. आईने त्याला पोहे, चहा, वर बेसनाचा लाडू, आणि जाताना दुसरा लाडू टिश्यूत बांधून. तो बिचारा कपाट भिंतीला घट्ट बोल्ट केलंय का ते हलवून बघत होता. कपाट स्टीलचं, जिन्याखाली, गणपतीच्या मखराशेजारी. बायकोने ते आल्या दिवशीच हेरलं होतं, "छानच की, माझे दागिने पण राहतील." तर तिथे खरी गोची. कायद्याने त्याची किल्ली फक्त माझ्याकडे पाहिजे, कुठे ठेवलीय ते घरात दुसऱ्या कुणाला कळता कामा नये. लग्नानंतर मी या घरात काही लपवू शकलेलो नाही, दिवाळीचा चिवडासुद्धा नाही, आणि इथे सरकार म्हणतंय बायकोपासून किल्ली लपव! ती म्हणाली, "मी शोधणार नाही, पण तू त्या दिशेने बघू नकोस, म्हणजे झालं." तेव्हापासून मी घरात मान खाली घालून फिरतो.

रायफल आली ती सहा किलोची, आणि लाकूड उजव्या माणसासाठी कोरलेलं, गाल टेकवायचा उंचवटा नेमका माझ्या उलट्या बाजूला. लोखंडाला, म्हणजे नळीला नि अ‍ॅक्शनला (गोळी भरायच्या-उडवायच्या यंत्रणेला), हात लावायचा नाही, तिथे काही बदललं की प्रूफ हाउसचा, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेचा, शिक्का पुन्हा मारून घ्यावा लागू शकतो, आणि बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून हेच काम करतंय, त्यांच्याशी कोण वाद घालणार. राहिलं अक्रोडाचं लाकूड. जुनं व्हार्निश खरवडलं, डावीकडचा उंचवटा रंधून काढला, उजवीकडे नवा तुकडा चिकटवला आणि मग पॉलिश पेपर, जाड, मध्यम, बारीक, अजून बारीक. डायनिंग टेबलवर भुसा, आमटीत भुसा. शेवटी तेल द्यायचं, उकळलेलं जवसाचं.

"जवसाचं?" आई किचनमधून धावत आली. "अरे मग चटणी तरी करते!" डब्यावरची रंगाच्या दुकानाची पट्टी दाखवली तेव्हा कुठे थांबली. त्या तेलाची चिंधी गोळा करून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून बाहेर सुटी पसरून वाळवायची. तर आईने तिच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे करून दिले आणि ते मागच्या दोरीवर तपकिरी पताकांसारखे लटकायला लागले. शेजारच्या आजींनी कुठला सण आहे ते विचारलं. आईने परस्पर उत्तर दिलं, मराठीत, आणि दोघी बराच वेळ हसत होत्या.

आणि मग १ ऑगस्ट २०२४. पॅरिसला स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं. कांबळवाडीचा पोरगा, राधानगरी तालुका, म्हणजे आईच्या हिशेबाने घरचाच. दुपारपर्यंत कोल्हापुरातल्या सगळ्या मावश्यांना फोन गेले की आमचा पण तेच करतो, तीच पॉइंट टू-टू, स्वतः बनवलीय (बनवलीय!). संध्याकाळी माझ्यासमोर बसून नीट चौकशी. थ्री पोझिशन म्हणजे काय काय?

"गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून."

"आणि तू?"

"मी फक्त झोपून."

आईने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "ते आधीपासूनच चांगलं जमतं त्याला."