चाळणी नव्हे, खांबांच्या रांगा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

रक्तपेशी वेगळ्या करणाऱ्या मायक्रोफ्लुइडिक चिपवरील (केसासारख्या बारीक वाटांमधून द्रव वाहू देणाऱ्या छोट्या पट्टीवरील) माझ्या लेखावर आपण इतक्या सविस्तरपणे लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपण कोल्हापुरातच पॅथॉलॉजी लॅबमध्ये अनेक वर्षे काम करता, त्यामुळे आपले आक्षेप मी दोनदा वाचले. ते थोडक्यात असे : चिप ही चाळणी असेल तर रक्ताने ती तुंबणारच, सेंट्रीफ्यूज (नमुना वेगाने फिरवून त्याचे थर पाडणारे यंत्र) दहा मिनिटांत जे काम करते त्यासाठी हे प्रयोगशाळेतले खेळणे कशाला, आणि ‘स्वस्त’ हा शब्द मी फार सैलपणे वापरला आहे. यातला पहिला आणि शेवटचा आक्षेप मला मान्य आहे. मधल्या आक्षेपाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे.

चाळणीची उपमा माझी होती आणि ती चुकीचीच होती. चाळणीचे भोक अडवायच्या कणापेक्षा लहान असावे लागते. मी ज्या रचनेबद्दल लिहीत होतो, आणि जी प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये मांडली, तिच्यात खांबांमधली फट पेशीपेक्षा मोठी असते. आपल्याकडचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पावसाळ्यात बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढल्यावर कसा दिसतो, ते डोळ्यांसमोर आणा. फक्त खांबांची एक रांग न धरता एकामागे एक अनेक रांगा धरा आणि प्रत्येक रांग मागच्या रांगेपेक्षा थोडी बाजूला सरकलेली आहे असे समजा. लहान पान पाण्याच्या ज्या धारेत असते, त्याच धारेबरोबर खांबांमधून वळणे घेत सरळ खाली जाते. मोठा ओंडका मात्र खांबाला घासून जाताना, त्याचा मध्य खांबाच्या तितका जवळ येऊच शकत नसल्याने, शेजारच्या धारेत ढकलला जातो. दर रांगेला हेच घडत गेले की शेवटी पान एकीकडे आणि ओंडका दुसरीकडे निघतो. बंधाऱ्याच्या पाण्यात भोवरे असतात, चिपमधल्या इतक्या बारीक वाटेत ते नसतात. धारा एकमेकींत न मिसळता शेजारून वाहतात, आणि म्हणूनच हे गणित जमते.

गणितही देतो. फट २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि प्रत्येक रांगेचे सरकणे खांबांच्या अंतराच्या एक-दशांश धरले, तर सीमारेषा साधारण ९ मायक्रॉनवर येते. त्याहून मोठ्या पांढऱ्या पेशी बाजूला जातात, २-३ मायक्रॉनच्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) सरळ जातात. तांबडी पेशी ८ मायक्रॉन रुंद असली तरी जाडीने जेमतेम २ मायक्रॉन आणि लवचीक असते, त्यामुळे ती लहान कणासारखीच वागते. मात्र ७-८ मायक्रॉनचे छोटे लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) तांबड्या पेशींबरोबर निघून जातात. हा दोष मूळ लेखात यायला हवा होता.

चिप तुंबते, हे मीही पाहिले आहे. एका महाविद्यालयातील प्रात्यक्षिकात मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी खांबांभोवतून सुरेख वळत होत्या. काही मिनिटांतच आत येण्याच्या तोंडाशी एक बारीक गुठळी अडकली, मागे पेशींचा गच्च लाल पट्टा साचला आणि प्रवाह थांबला. फटी पुरेशा रुंद होत्या, चूक दुसरीकडे होती. जांभळ्या टोपणाची, ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असलेली ट्यूब रक्त घेतल्याबरोबर नीट उलटसुलट केली गेली नव्हती. नमुना घेतानाच्या या शिस्तीचे महत्त्व आपल्याला मी सांगायला नको.

आता सेंट्रीफ्यूजबद्दल. प्लाझ्मा (रक्तातला पेशीविरहित द्रव) काढायचा असेल, पिशवीतल्या रक्ताचे घटक वेगळे करायचे असतील, तर सेंट्रीफ्यूजला पर्याय नाही आणि मी तसा दावाही करत नाही. पण सेंट्रीफ्यूजचे थर मुख्यतः घनतेवर पडतात. कर्करोगाच्या गाठीतून सुटून रक्तात फिरणारी पेशी घनतेने पांढऱ्या पेशींच्या जवळची असते, त्यामुळे ती बफी कोटमध्येच (पांढऱ्या पेशींच्या पातळ थरातच) हरवते. एका मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात, लाखोंनी पांढऱ्या, आणि अशा पेशी बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या शोधायला आकार, कडकपणा किंवा पृष्ठभागावरचे प्रथिन असा दुसरा निकष लागतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील गटाने २००७ मध्ये पेशीवरच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीचा लेप दिलेल्या ७८,००० खांबांच्या चिपवर त्या पकडून दाखवल्या. आकार आणि लवचीकपणावर चालणाऱ्या एका उपकरणाला तर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने, शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी, मंजुरी दिली. म्हणून ‘खेळणे’ हा शब्द मला पटत नाही.

वेळेचा मुद्दा मात्र खरा आहे. मिनिटाला १० मायक्रोलिटर या गतीने ५ मिलिलिटर रक्ताला ८ तास २० मिनिटे लागतील. सर्पिल वाटेच्या चिप याच्या कितीतरी पट वेगाने चालतात, पण तिथे पेशींची गर्दी टाळण्यासाठी रक्त आधी पातळ करावे लागते.

किमतीबाबत आपण योग्य ठिकाणी बोट ठेवलेत. साचा एकदा तयार झाला की त्यावर पारदर्शक सिलिकॉन रबर ओतून चिप काढणे खरोखरच कमी खर्चाचे आहे. परंतु तो साचा क्लीनरूममध्ये (धूळमुक्त ठेवलेल्या खास खोलीत) बनतो, आणि रक्त एकसारख्या गतीने ढकलणारा सिरिंज पंप व चांगला मायक्रोस्कोप यांचा खर्च मी धरलाच नव्हता. लेखातील ‘स्वस्त’ काढून तिथे हा खुलासा घातला आहे, आणि चाळणीचा परिच्छेदही बदलला आहे.