शिव्या घरी ठेवून या की!

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की पोरगं सकाळपासनं मागं लागतं, "पप्पा, जाऊया की!" आणि दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो. गॅलरीतल्या शिव्यांमुळं!

पहिल्यांदा नेलं तेव्हा मॅच सुरू होऊन पाच मिनिटं झाली नव्हती, तोवर मागच्या पायरीवरचा एकजण रेफ्रीच्या आईबहिणीपर्यंत पोचला. पोराच्या हातातली फुटाण्याची पुडी तशीच राहिली. बॉल बघायचं सोडून ते माझ्या तोंडाकडं बघत बसलं. त्यानंतर प्रत्येक मॅचला तेच. ऑफसाइड दिला की शिव्या, फाऊल दिला नाही की शिव्या, वर पाण्याच्या बाटल्या मैदानात.

ईर्षा कळते हो! पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस या टीमांची नावं ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. पेठांनी आणि तालमींनी पोटच्या पोरासारखा वाढवलेला खेळ आहे हा. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडनं खेळला. पुढचा अनिकेत याच पायऱ्यांवर बसून खेळ बघणार ना? का त्याच्या आईनं त्याला घरीच ठेवायचं?

बोलायला गेलं तर उत्तर ठरलेलं, "एवढं असलं तर टीव्हीवर बघा." का म्हणून? तिकीट काढून आलोय आम्ही. तोंड तुमचं सुटतंय, मग पोराला घेऊन मी का उठू?