सिस्टर, तुमच्या प्रतिक्रियेबद्दल

नमस्कार सिस्टर,

इस्पितळात दाखल असतानाच येणाऱ्या लकव्यावर, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटून येणाऱ्या स्ट्रोकवर, मी लेख लिहिला, त्यावर तुमचं म्हणणं असं, की मी आधीच धास्तावलेल्या नातेवाइकांना आणखी घाबरवते. वॉर्डात तुम्ही असता, बीपी-शुगर बघता, आणि सुस्त पडलेला प्रत्येक पेशंट लकव्याचा नसतो.

शेवटचं अगदी मान्य. ते लेखात यायला हवं होतं, आजच घालते. साखर उतरली, सोडियम कमी झालं, फिट येऊन गेली किंवा भुलीचा अंमल राहिला, तरी माणूस तसाच दिसतो. म्हणून तर आधी बोटाला टोचून साखर बघतात.

पण खरा लकवाही याच कारणांआड लपतो. माझ्या आत्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं. तिच्या हृदयाचे ठोके अनियमित, त्यासाठीची रक्त पातळ करणारी गोळी ऑपरेशनपुरती थांबवलेली. ती थांबवावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पेज भरवत होती, ती तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळू लागली. वहिनीने सांगितलं. उत्तर मिळालं, "अशक्तपणा आहे, झोपू दे." दुपारी राउंडला डॉक्टरांनी दोन्ही हात उचलायला सांगितले, तेव्हा डावा उठलाच नाही. आदल्या रात्री साडेनऊला ती नीट बोलली होती, म्हणजे मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन शेवटचं बरं दिसल्यापासून ज्या साडेचार तासांत द्यावं लागतं, ते केव्हाच उलटलेले. नुकत्याच झालेल्या मोठ्या ऑपरेशनमुळे ते तसंही बहुधा देता आलं नसतं. जांघेतून नळी घालून गुठळी काढणं काही पेशंटना २४ तासांपर्यंतही करता येतं, पण तिथेही प्रत्येक मिनिट मोजावं लागतं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली, तर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुढचे आठ महिने आत्याचा तो हात मीच हलवत होते.

सिस्टर, यात मी कुणा नर्सला दोष देत नाही. तुमच्या वाट्याला किती खाटा येतात ते मला दिसतं. ड्युटी बदलली की नवी सिस्टर तो चेहरा पहिल्यांदाच बघते. तो आधी वाकडा नव्हता हे तिने कसं ओळखावं? आपल्या गोव्यात तर आणखी एक अडचण. वॉर्डात बरेचदा हिंदीतून विचारतात, आणि पेडणे-सत्तरी तालुक्यांतली म्हातारी आयुष्यभर कोंकणी-मराठी बोललेली. तिची जीभ जड झालीय, की तिला प्रश्नच कळला नाही? ते घरचं माणूसच सांगू शकतं.

खाटेवरच्या माणसाचा तोल गेलेला कळत नाही, म्हणून हसायला सांगून चेहरा बघावा, दोन्ही हात उचलायला लावावेत, नेहमीचं एखादं वाक्य बोलून घ्यावं. एका डोळ्याने किंवा एका बाजूचं अचानक दिसेनासं झालं का, तेही विचारावं. हृदयाचं ऑपरेशन किंवा अँजिओग्राफी झालेले, ठोके अनियमित असलेले, बीपी एकदम उतरलेले, अंगातलं पाणी कमी झालेले किंवा मोठं इन्फेक्शन असलेले पेशंट असतील, तर अधिकच लक्ष ठेवावं. शंका आली की तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. आणि सिस्टरना "बरं वाटत नाही" एवढंच न सांगता "साडेनऊला बरी होती, आता डावा हात उठत नाही" असं सांगावं.

याहून नेमकं काय सांगितलं तर तुमचं काम सोपं होईल, ते कळवाल का? तुमच्याच शब्दांत लेखात घालीन.