टिचकीवर एवढा भरवसा नको

'टिचकी मारल्यावर घुमते ती जुनी काच' हे जुन्या काचेच्या भांड्यांची पारख सांगणाऱ्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. घुमतं ते काचेत मिसळलेल्या शिसे या धातूमुळे. १८६४ मध्ये अमेरिकेतल्या व्हीलिंगच्या हॉब्ज, ब्रॉकुनियर कारखान्यात विल्यम लेटन यांनी शिसं नसलेली, सोडा-चुन्याची स्वस्त काच जमवली. त्यानंतरचे बहुतेक अमेरिकन प्रेस्ड गॉब्लेट (साच्यात दाबून केलेले दांड्याचे पेले) बद्दच वाजतात, म्हणून १८८० च्या सुमाराचा अस्सल नग उगाच बाद करू नका. त्यापेक्षा बूड भिंगाखाली धरा. खरी झीज फक्त टेकणाऱ्या कडेवर असते, बारीक आणि आडव्यातिडव्या ओरखड्यांची. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील तर कुणीतरी घासून आणलेत. आणि धुरकट नग अगदी कोरडा करून बघाच! पाणी किंवा तेलाचा हात फिरला की तो डाग लपतो, वाळल्यावर परत उमटतो. पृष्ठभागच खाल्ला गेलेला असेल तर व्हिनेगरनेही काही होत नाही.