गायरान वाचवायचं असेल तर आधी जनावरं मोजा

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, कुठल्याही तालुक्यात गायरानाचा विषय निघाला की भांडण अतिक्रमण कुणाचं यावरच अडकतं. गावाला मुळात गायरान किती हवं, हे कुणी विचारत नाही.

ते ठरलेलं आहे. कर्नाटक भू-महसूल नियम १९६६, नियम ९७ : दर १०० जनावरांमागे १२ हेक्टर, म्हणजे जवळपास ३० एकर. गावात ४०० जनावरं असतील तर ४८ हेक्टर. जनावरांचा आकडा पशुगणनेतून घ्या, क्षेत्र उताऱ्यांवरून. गायरानाचे सगळे सर्व्हे नंबर काढा, कारण पोटहिस्से पडलेले असतात. उताऱ्याच्या रकाना ९ मध्ये, म्हणजे मालकाच्या नावाच्या जागी, 'सरकार' दिसलं की लोक निर्धास्त होतात. गडबड होते ती रकाना १२ मध्ये. तिथे पीक आणि कसणाऱ्याचं नाव चढतं आणि पुढे तीच नोंद वहिवाटीचा पुरावा म्हणून दाखवली जाते.

मग येतो बगर हुकूम, म्हणजे परवानगीशिवाय कसलेली सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर नियमित करणं. त्यासाठीचे अर्ज आधी फॉर्म ५०, मग ५३, २०१८ नंतर ५७. दर वेळी मुदत पुढे सरकली की नवं अतिक्रमण करणाऱ्यालाही आशा लागते. हे अर्ज भू-महसूल कायद्याच्या कलम ९४-अ खालच्या समितीपुढे जातात, आणि त्या समितीचे अध्यक्ष सहसा स्थानिक आमदार असतात. अर्जदार त्यांचेच मतदार. माझा खरा आक्षेप इथे आहे. आमदार कितीही सरळ असो, ज्याच्या मतावर आपण निवडून येतो त्याला सरकारी जमीन द्यायची की नाही हे ठरवायला त्याने बसूच नये. बैठकीचं इतिवृत्त निर्णयाआधी चावडीवर लागलं पाहिजे.

भूमिहीन कुटुंब दोन एकर कसत असेल तर त्याच्यावर बुलडोझर घाला असं मी म्हणत नाही. जगपाल सिंग खटल्यात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगतानाच भूमिहीन मजुरांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी अपवादाची वाट ठेवली. बगर हुकूमातही स्वतःची जमीन धरून ४ एकर ३८ गुंठ्यांची मर्यादा आहे. ती ओलांडणारे अर्ज मुलांच्या, भावांच्या नावांनी तुकडे करून येतात. घरटी एकूण जमीन तपासल्याशिवाय ते सापडत नाहीत.

तहसीलदारांकडे माहिती अधिकारात अर्ज करा, फी १० रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द एवढीच मुभा आहे, म्हणून लांबलचक अर्ज परत येतात. तीन अर्ज वेगवेगळे टाका : गायरानाचे सर्व्हे नंबर व क्षेत्र, त्यावर आलेले फॉर्म ५७, गायरान कमी केल्याचे जिल्हाधिकाऱ्यांचे लेखी आदेश. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. तिसऱ्या अर्जाचं उत्तर 'आदेश उपलब्ध नाही' असं आलं, तर तोच कागद जोडून ग्रामसभेत मोजणीचा ठराव घ्या.