"मला कायबी होत नाही, कशाला जाऊ?"

परवा शाळेत हळदीकुंकू झालं. वाण देऊन झालं, तिळगूळ वाटून झाला, बायका चपला शोधायला लागल्या, तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, एकच प्रश्न विचारते, हात वर करून सांगा. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, कॅन्सरसाठी करतात ती, आयुष्यात एकदा तरी कुणी केलीय?

खोलीत एक्केचाळीस बायका होत्या. दोन हात वर आले. त्यातला एक माझ्या जाऊबाईंचा, आणि त्यांना मीच नेलं होतं.

मागून एक आवाज आला, "मॅडम, मला कायबी होत नाही. कशाला जाऊ?" बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी चुकीचं बोलतंय असं कुणालाच वाटलं नाही. त्या एका वाक्यासाठी आज एवढं लिहायला बसलेय, कारण हेच शब्द मी माझ्या काकूच्या तोंडून ऐकले आहेत.

साल 2000 असेल, मी चौदा वर्षांची. तेव्हा आमच्या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणायचे. बार्शीहून तपासणीची गाडी गावात आली होती. तीस वर्षांपुढच्या बायकांची नावं घरोघर फिरून लिहून घेतली होती. आई गेली. काकू गेली नाही. तिनं खुरपणीला बाया लावल्या होत्या, त्यांच्यामागं उभं राहायला कुणीतरी हवं होतं. आईनं दोनदा हाक मारली तर काकू बांधावरूनच म्हणाली, "तू जा. मला काय होतंय?"

आणि खरंच, तेव्हा तिला काही होत नव्हतं.

दहा वर्षांनी, पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर तिच्या अंगावर पुन्हा जायला लागलं. शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "परत पाळी आली, अंगात ताकद आहे अजून." काकूनंही तेच धरून ठेवलं. सात महिने कुणाला काही सांगितलं नाही. पहाटे सगळे उठायच्या आत कपडे धुवायची आणि कडब्याच्या गंजीमागं वाळत घालायची, बाप्या माणसांची नजर जाऊ नये म्हणून. आईला कळलं ते वासावरून. मग तालुक्याच्या एका डॉक्टरनं आत न तपासताच रक्तवाढीच्या गोळ्या आणि टॉनिक दिलं, त्यात आणखी चार महिने गेले. शेवटी बार्शीला, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना आतून बघायला पाच मिनिटं लागली असतील. बाहेर येऊन त्यांनी काकांना बसायला सांगितलं. तिसरी स्टेज.

रेडिएशनचे शेक झाले, सलाईनमधून केमोची औषधं झाली. वर्षभर बरं वाटलं. नंतर पाय सुजायला लागले, लघवी कमी झाली. गाठीनं मूत्रनळ्या दाबल्या की किडन्या बसतात, हे तेव्हा पहिल्यांदा समजलं. 2012 च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी काकू गेली. चोपन्न वर्षांची होती.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. गावात आलेली ती गाडी साधीसुधी नव्हती. आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांचे 52 गट पाडून, 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायकांचा तो अभ्यास होता. मुंबईचं टाटा, बार्शीचं हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था त्यात होती. निकाल 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. ज्या गावांत बायकांची एचपीव्ही चाचणी झाली, म्हणजे हा कॅन्सर करणारा विषाणू अंगात आहे का ते बघितलं, तिथं पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरनं 34 बायका गेल्या. जिथं नेहमीप्रमाणेच चालू होतं, खास तपासणी काही झाली नाही, तिथं 64. दोन्हीकडं बायकांची संख्या साधारण सारखीच, तीस-पस्तीस हजारांच्या घरातली. चाचणी दरवर्षी नव्हती, दर तीन वर्षांनीही नव्हती. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं मरण जवळजवळ निम्म्यावर आलं.

(त्या 64 जणींचा विचार मनातून जात नाही. ज्या गावांना तपासणीविना ठेवलं त्यांच्यावरून पुढं बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.)

आपल्या परांडा-भूम-कळंबकडच्या बायकांनी शेतातलं काम टाकून रांगेत उभं राहून जे दिलं, त्यावरून जग शिकलं. आणि त्याच जिल्ह्यातल्या शाळेत, पंचवीस वर्षांनी, एक्केचाळीसमध्ये दोन हात. तेही बरे म्हणायचे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या बायकांत ही तपासणी कधीतरी केलेल्या देशभरात 1.9 टक्के निघाल्या. आणि दरवर्षी या देशात सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो, पंच्याहत्तर हजारांहून जास्त जातात.

आता त्या मागच्या बाकावरच्या ताईंना उत्तर देते.

ताई, तुम्हाला काही होत नाही, तेव्हाच जायचं असतं. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आहे की बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला घालवून देतं. थोड्याजणींच्यात तो चिवटपणे राहतो आणि गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. त्या बदलापासून कॅन्सरपर्यंत जायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. एवढ्या वर्षांत ना दुखतं, ना ताप येतो, ना रक्त जातं. आपल्याला दुखणं अंगावर काढायची सवय आहे, पण इथं अंगावर काढायला दुखणंच नसतं. रक्त दिसलं, संबंधानंतर डाग लागला, वास यायला लागला, की त्या वर्षांतली बरीचशी संपलेली असतात.

आणि त्या वर्षांत सापडलं तर? ती जागा गोठवून किंवा शेकून टाकतात. काही मिनिटांचं काम, बहुतेक वेळा भरती व्हावं लागत नाही. पिशवी जागेवर राहते. काकूच्या बाबतीत 2000 साली कदाचित एवढंच लागलं असतं.

तपासणीत काय करतात ते कुणी सांगत नाही आणि भीती तिथंच असते, म्हणून माझं सांगते. मी पहिल्यांदा तेहतिसाव्या वर्षी गेले, ग्रामीण रुग्णालयात. लघवीला जाऊन यायला सांगितलं. साडी वर घेऊन टेबलावर पडले, पाय दुमडून. सिस्टरनं चादर टाकली. आत एक साधन घालतात, बदकाच्या चोचीसारखं, ते गार लागलं आणि मी अंग आवळून घेतलं. सिस्टर म्हणाल्या, "तोंडानं श्वास सोडा, बाई, ढुंगण टेकवा खाली." ढिलं सोडल्यावर नुसतं जड वाटलं, दुखलं नाही. मग कापसाच्या बोळ्यानं पातळ ॲसेटिक ॲसिड लावलं. लोणच्यात घालतात त्या व्हिनेगरमध्ये असतं तेच. किंचित चुरचुरलं. एक मिनिट थांबल्या. पेशी बदललेल्या असतील तर तिथं पांढरा डाग उठतो, नसतील तर काही नाही. टॉर्च बंद करत म्हणाल्या, "स्वच्छ आहे." टेबलावर चढून उतरेपर्यंत सात-आठ मिनिटं.

ही व्हिनेगरची तपासणी किती साधी आहे बघा. टाटा हॉस्पिटलनं 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर तिचा अभ्यास केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. दर दोन वर्षांनी तपासलं, आणि या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, लॅब नाही, रिपोर्टसाठी हेलपाटे नाहीत.

सरकारी योजनेत 30 ते 65 वयाच्या बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी करायची आहे, फुकट. तुमच्या आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात त्यानंतरची पायरी ही. त्यांना विचारा, कुठल्या वारी, कुठल्या केंद्रावर. पाळी गेलेल्या बायकांची ती जागा आत सरकते, नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्यांनी पॅप (तिथल्या पेशी घेऊन लॅबमध्ये बघतात ती) किंवा एचपीव्ही चाचणीचं विचारावं. पॅप साधारण तीन वर्षांनी, एचपीव्ही पाच वर्षांनी. ज्यांना एचआयव्ही आहे त्यांनी लवकर सुरू करावी आणि जास्त वेळा करावी. मुलींसाठी लस आहे, पुण्याच्या सीरमचीही आहे, जरूर द्या. पण लस घेतली म्हणून मोठेपणी तपासणी सुटत नाही, आणि आपण आया तर लसीशिवायच वाढलोय.

एक गोष्ट मोकळेपणानं लिहिते. विषाणू संबंधातून येतो म्हटल्यावर खोलीतल्या बायकांचे चेहरे बदलले होते. एकीनं नंतर बाजूला घेऊन विचारलं, "म्हणजे माझ्यात निघालं तर घरी काय सांगू?" बायांनो, हा विषाणू एकाच नवऱ्यासोबत आयुष्य काढलेल्या बाईलाही होतो. वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, कधी आला, कुणाकडून आला हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. रिपोर्टवरून बाईचं किंवा पुरुषाचं चारित्र्य ठरत नाही. हे वाचणाऱ्या भाऊ लोकांनो, ती घरी काय सांगू म्हणून थांबलीय. तुम्ही आधीच म्हणा, "चल, मी गाडीवर सोडतो."

दुसरी भीती उलट बाजूची आहे. "पांढरं जातंय ना? पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल." शेजारच्या बीडमध्ये काय झालं ते 2019 मध्ये सगळ्या देशानं वाचलं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण झालं, त्यात 82 हजारांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. अनेकींना कॅन्सरची भीती घातली होती. पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या संसर्गाचं असतं, गोळ्यांनी जातं. कुणी कॅन्सरचं नाव काढलं तर पहिला प्रश्न हा विचारा, "तपासणी केली का? रिपोर्ट दाखवा." माझा राग या दोन्हीवर आहे. एकीकडं न तपासता टॉनिक देतात, दुसरीकडं न तपासता पिशवी काढतात. मधली आठ मिनिटांची गोष्ट मात्र कुणी करत नाही.

आणि आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्यांना हात जोडून विनंती. एका ठिकाणी मी बायकांना घेऊन गेले तर तपासणीच्या खोलीला कडी नव्हती, पडदा अर्धाच होता, बाहेर औषधाची रांग. सहापैकी दोघी टेबल बघूनच परत फिरल्या. त्यांना समजावून आणायला मला तीन आठवडे लागले होते. कडी आणि पडद्याला किती पैसे लागतात?

काकूच्या वेळी जी गाडी गावात आली होती ती आता येत नाही, म्हणून आम्ही जीप ठरवलीय. येत्या बुधवारी सकाळी नऊला शाळेसमोरून निघेल, दुपारी शाळा सुटायच्या आत परत. पाळी चालू असेल तर पुढच्या बुधवारी या. आधार कार्ड घ्या, सैल साडी किंवा परकर नेसा. मागच्या बाकावरच्या ताईंनी काल फोन करून नाव दिलंय, सोबत सासूबाईंनाही आणतायत. सात जागा भरल्या, तीन शिल्लक आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी मला इनबॉक्समध्ये नाव कळवा, कमेंटमध्ये लिहायची गरज नाही.