आभार मानल्यानं नैराश्य बरं होतं? त्या मेसेजबद्दल

सध्या लातूर-धाराशिवकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: सुख-दुःख सर्वस्वी आपल्या हातात असतं. रोज सकाळी तीन गोष्टींचे आभार माना, नैराश्य फिरकणार नाही. आजोबांनी बहात्तरचा दुष्काळ सुकडी खाऊन हसत काढला, मग आताच्यांनाच डिप्रेशन कसं होतं? आणि शेवटी, गोळ्या घेणारे मनानं कच्चे. साफ खोटा असता तर सोडून दिला असता. पण यात थोडं खरं मिसळलंय, म्हणून तो लोकांना पटतो.

आधी आभाराचं. एमन्स आणि मॅकलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2003 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. आठवड्यातून एकदा आभाराच्या गोष्टी लिहिणारी मंडळी 10 आठवड्यांनंतर आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळली. इथवर मेसेज बरोबर. पण अशा 27 अभ्यासांची एकत्र छाननी 2021 मध्ये छापून आली, तेव्हा नैराश्य आणि चिंतेवरचा परिणाम किरकोळच निघाला. ही लक्षणं असतील तर अधिक गुणकारी उपचार घ्या, असं त्या लेखकांनीच सांगितलं.

आणि आभार मानायला आपल्याला मेसेजनं शिकवावं? येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आपण शेतात कडब्याची कोप करतो, पांडव पुजतो, भज्जी-आंबिलीला ज्याला शेत नाही त्यालाही हाक मारून बसवतो. ते आभार चारचौघांत, ताटावर बसून मानलेले असतात, कुणी कुणाला ते मानायला लावत नाही. 2025 च्या सप्टेंबरात ज्याचं सोयाबीन पाण्यात कुजलं आणि वर मातीही खरवडून गेली, त्याला ‘जे उरलं त्याचे आभार मान’ म्हणायचं, म्हणजे सरळ गप्प बस म्हणायचं. असा सल्ला देणाऱ्याचं शेत बहुधा कोरडं असतं.

‘सर्वस्वी आपल्या हातात’ हे तर मराठवाड्यात बसून लिहूच नये. 2016 ला लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. भाव, विमा, पाऊस यातलं काय हातात आहे? पण म्हणून सगळं नशिबावर सोडलं तरी मन खचतंच. जे थोडं हातात आहे ते पुन्हा करायला लागणं, याचा उपयोग मात्र मोजून झालाय. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठकांत ते रुग्णासोबत बसून सुटलेली कामं हळूहळू परत धरायला लावायचे. आपल्याकडे म्हणायचं तर आधी दारच्या गाईला वैरण टाकायची, मग दोन दिवसांनी पारावर जाऊन बसायचं, मग बँकेत जायचं, तेही कुणाला तरी सोबत घेऊन. तीन महिन्यांनी असे 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. यात रुग्णाची धडपड होती, पण शेजारी बसलेलं माणूसही होतं. मेसेजमधून नेमकं तेच माणूस गायब आहे.

आजोबांचं थोडक्यात. ते हसत होते की नाही, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आणि ते नुसते आभार मानत बसले नव्हते. लोकांनी मोर्चे काढून काम मागितलं, भर उन्हात खडी फोडली. त्या मागणीतूनच रोजगार हमीची योजना राज्यभर गेली आणि 1977 ला तिचा कायदा झाला.

राहिल्या गोळ्या. सगळ्यांना त्या लागत नाहीत, कुणाला लागतील ते डॉक्टर ठरवतात; चालू असतील तर मनानं बंद करू नयेत. गंमत अशी की, झोप उडालेला, जेवण सुटलेला माणूस स्वतः उठून दवाखान्यात जातो, हाच त्यानं आपल्या हातात घेतलेला निर्णय असतो आणि मेसेज त्यालाच कच्चा ठरवतो. दवाखाना लांब असेल किंवा गावात कुणी बघेल म्हणून पाय निघत नसेल, तर टेली-मानस या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.